कोकब

समाहीजच्या किनाऱ्यावर मी रेघ मारली
ती ऑफिसात बसून, लाल पेन्सिलीने.
एसी सोळावर, बाहेर शेहेचाळीस.
रेघ सोपी असते.
तिला भरती नसते, ओहोटी नसते,
वाळूत पाय रुतत नाहीत तिचे.

दोन समुद्रांचं नाव लावणारा हा देश
जगाशी बोलतो मोजक्या तारांवरून.
झाडांना पाणी घालायच्या नळीएवढी एकेक,
पोटात केसासारखी काच.
एखाद्या जहाजाने चुकून नांगर फरफटवला
की बँका, विमानं, पोरांच्या परीक्षा,
सगळं उरलेल्या तारांच्या जिवावर.
म्हणून ही नवी तार. म्हणून मी इथे,
मुहर्रकच्या उत्तरेला, विमानतळाच्या पाठीमागे,
जिथे वाक्य अर्ध्यावर सोडून
विमान जाईस्तोवर थांबावं लागतं.

ओहोटीला समुद्र इतका मागे जातो
की वाटतं, घरी काहीतरी विसरून आलाय.
आम्ही त्याच्या मागे चालत गेलो.
मी, जीपीएसची काठी धरलेला रेजी,
आणि न बोलावता आलेले हाजी मक्की,
लुंगी गुडघ्यावर खोचून.
रेजी म्हणाला, वाळू दोन मीटर, मॅडम, एकदम झकास,
पुरली की शंभर वर्षं बघायला नको.
हाजी म्हणाले, इथून नाही.

का, विचारलं, तर त्यांनी
घोटाभर पाण्यात बोटाने एक गोल काढला.
गोल लगेच पुसला गेला.
इथे कोकब होता, म्हणाले.

कोकब म्हणजे तारा, एवढं माझं अरबी आहे.
पण ते खाली बघत होते.

तळातून गोडं पाणी उसळायचं, समुद्राच्या मधोमध.
त्यांचे वडील श्वास कोंडून बुडी मारायचे,
पखालीचं तोंड मुठीत आवळून,
झऱ्यावर मूठ सोडायची, भरू द्यायची, पुन्हा आवळायची,
आणि खाऱ्यातून गोडं वर आणायचं.
मोत्यांच्या मोसमात होड्या इथे रांगेने थांबत.
आता?
आता काय. मोटारी बसल्या, भराव पडले.
माझ्या लग्नाच्या वर्षी आटला.

माझ्या नकाशात बुडालेला बार्ज आहे,
जुनी पाइपलाइन आहे, माशांचे कुंपणसापळे आहेत,
खोली डेसिमलपर्यंत.
आटलेल्या गोष्टींना चिन्ह नाही.

आमचा मुस्तफामामू मनामाहून हर्णैला
कॅसेट पाठवायचा. त्याला लिहिता येत नव्हतं.
कुणाच्या तरी बॅगेतून, टॉवेलात गुंडाळून,
साठ मिनिटांचा मामू यायचा,
मागे खोलीतल्या चौघांचं खोकणं.
आई मासे साफ करता करता ऐकायची
आणि मध्येच त्याला उत्तर द्यायची:
अरे, छप्पर केलं की! गेल्याच महिन्यात!
मग थांबायची, जणू तो आता काही बोलेल.
तो बोलायचाही,
पण दुसऱ्याच कशाबद्दल.

रात्री मी रेघ दोनशे दहा मीटर पश्चिमेला वळवली.
तार वाढली, खर्च वाढला,
आणि तक्त्यात एक रकाना आहे: वळणाचं कारण.
आधी लिहिलं, खडक. खोटं.
मग लिहिलं, मच्छीमारांचा आक्षेप.
हाजींनी आक्षेप कुठे घेतला, त्यांनी गोल काढला.
शेवटी लिहिलं, गोड्या पाण्याचा झरा,
आणि कंपनीचं उत्तर आलं सकाळी सातला:
पाण्याचा नमुना जोडावा.

पुढच्या ओहोटीला बाटली घेऊन गेले.
हाजी आधीच उभे होते,
त्याच जागी, कुठली खूण न बघता.
मी ओंजळीतलं जिभेवर घेतलं आणि तोंड वाकडं झालं.
त्यांनीही घेतलं.
बराच वेळ तोंडात धरलं.
वरून बहुधा कोचीनचं विमान गेलं.
ते थुंकले नाहीत.

बाटली मी भरली, झाकण लावलं,
तारीख टाकली.
रेघ अजून पेन्सिलीतच आहे.